खुब्यात काय बसवायचं? वाचकांचे प्रश्न, हाडांच्या डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मी गुडघ्यांवर लिहिलं आणि पत्रं आली ती खुब्याची. बहुतेकांचा प्रश्न एकच: डॉक्टर विचारतात कोणता सांधा बसवू, आम्ही काय सांगायचं? पाच पत्रं निवडली आहेत. नावं छापत नाही. गावं ठेवली आहेत, कारण दोन-तीन उत्तरं गावावरूनच ठरली.

प्रश्न: आईचं वय ७१. उजव्या खुब्यातली कूर्चा पूर्ण झिजली आहे. हॉस्पिटलनं कागदावर तीन पर्याय लिहून दिले आहेत: मेटल-पॉली, सिरॅमिक-पॉली, सिरॅमिक-सिरॅमिक. किमतीत बराच फरक आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, आईसाठी पैसे बघायचे नाहीत, सगळ्यात महागाचा बसवा. मला प्लास्टिक शरीरात घालणंच पटत नाही. तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचंही आलं आहे. आमचा मागांचा धंदा, हाडातलं काही कळत नाही. – एक मुलगा, इचलकरंजी

मागांचा धंदा आहे, मग हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल.

जॉन चार्नली हे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे सर्जन. राइटिंग्टनच्या रुग्णालयात त्यांनी खुबा बदलण्याची आजची पद्धत घडवली. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या ज्या वाटीत फिरतो, त्या वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन घेतलं. अगदी गुळगुळीत, कशाला न चिकटणारं. कागदावर याहून चांगलं काही नव्हतं. दोन-तीन वर्षांत पोलादी गोळा त्या वाटीत रुतत गेला आणि झिजलेल्या टेफ्लॉनच्या चुऱ्यानं सांध्याभोवती गाठी धरल्या, हाड पोखरलं. सुमारे तीनशे रुग्णांना तो सांधा बसला होता. दोष नक्की कशाचा हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून घेतला होता.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता जर्मनीत बनलेल्या नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन तिथे आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांच्या गिअरसाठी ते वापरायला लागले होते. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं, नापसंती दाखवली आणि निघून गेले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं तो तुकडा तरीही झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही टेफ्लॉन एका दिवसात झिजत होतं तेवढंसुद्धा ते झिजलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची पहिली वाटी माणसाला बसली. तेच पॉलिएथिलीन, म्हणजे तुमच्या कागदावरचं 'पॉली'. तेव्हा प्लास्टिकला नाक मुरडू नका. मागवाल्यांच्या घरात तर मुळीच नको.

जात्यात पीठ पडतं ते दोन्ही दगडांमुळे. खुब्यातही 'कोणता धातू' हा अर्धाच प्रश्न झाला. कशावर काय फिरणार, हा पूर्ण प्रश्न. जुन्या पॉलीची अडचण पीठ पडण्याचीच होती. वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर झीज म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण त्या बारीक कणांना गिळायला शरीराच्या पेशी धावतात, त्या चिडल्या की भोवतीचं हाड विरघळायला लागतं आणि पंधरा-वीस वर्षांनी घट्ट बसलेला सांधा हलायला लागतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्रॉसलिंक्ड पॉली आलं. किरणांच्या माऱ्यानं त्याचे धागे एकमेकांत बांधलेले असतात. त्याची झीज जुन्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे, आणि आता वीसेक वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. म्हणून तुम्ही डॉक्टरांना पहिलं विचारायचं ते हे: पॉली क्रॉसलिंक्ड आहे ना? नुसतं 'पॉली' लिहिलं असेल तर तो शब्द त्यांच्याकडून कागदावर घालून घ्या.

आता तीन पर्याय. जोडनावात पहिला शब्द गोळ्याचा, दुसरा वाटीचा. सिरॅमिकवर सिरॅमिक सगळ्यात कमी झिजतं, हे खरं. पण तो फायदा वसूल व्हायला पुढची तीस-पस्तीस वर्षं चालायला हवीत. शिवाय वाटी थोडी तिरकी बसली तरी तो जोड चटकन रुसतो, कधी कधी चालताना कुरकुरतो. ७१ व्या वर्षी मी तो बसवला नसता. धातूचा गोळा की सिरॅमिकचा गोळा, यात मात्र थोडा विचार आहे. कोबाल्ट-क्रोमचा गोळा दांड्याच्या मानेवर जिथे ठोकून बसवतात तिथे काही रुग्णांत गंज धरतो आणि धातू आजूबाजूला झिरपतो. सिरॅमिकच्या गोळ्यात ती भीती जवळजवळ उरत नाही. म्हणून ऐपत असेल तर सिरॅमिक-पॉली घ्या. ओढाताण होत असेल तर मेटल-पॉली घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. आईचं वय पाहता दोन्ही सांधे तिला पुरतील असाच अंदाज आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांच्या सांधेबदलाच्या नोंदवह्या एकत्र करून काढलेला हिशेब छापून आला होता: बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ८९ टक्के पंधरा वर्षं टिकतात आणि सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षं. त्यातले पंचवीस वर्षांपूर्वीचे सांधे बहुतांशी जुन्या पॉलीचे होते, हे विसरू नका.

पण तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द तुम्ही शेवटी लिहिला आहे: ठिसूळ. गोळ्याच्या तीन पर्यायांवर भावाभावांत वाद चालला आहे आणि मांडीच्या हाडात जाणारा दांडा कसा बसवणार, हे कोणी विचारलेलंच नाही. तो दोन तऱ्हांनी बसतो. एकात दांडा हाडात ठोकून घट्ट करतात आणि पुढच्या काही आठवड्यांत हाड त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर वाढतं. दुसऱ्यात दांडा आणि हाड यांच्यामध्ये सिमेंट भरतात. हे सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक, दातांच्या कवळ्या ज्याच्या करतात त्याच घराण्यातलं. ठिसूळ हाडात दांडा ठोकताना, किंवा नंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, हाडाला चीर जाण्याचा धोका वाढतो. वयस्क बायकांमध्ये सिमेंट न वापरलेल्या दांड्यांभोवती जास्त फ्रॅक्चर होतात, हे परदेशी नोंदवह्यांत वर्षानुवर्षं दिसतं आहे. आपल्याकडे 'अनसिमेंटेड' म्हणजे नवं आणि म्हणून भारी, असा समज पसरला आहे. तुमच्या आईसाठी मी सिमेंटचा दांडा मागेन. सिमेंट भरताना रक्तदाब पडू शकतो, म्हणून हृदयाची तपासणी नीट करून घ्या आणि भूलतज्ज्ञांना आधी भेटा.

आणि महागाचं तेच चांगलं, असं म्हणणाऱ्या भावाला एक्सेटरच्या दांड्याची गोष्ट सांगा. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात १९७० मध्ये तो पहिल्यांदा बसला. तो पोलादाचा. टायटॅनियमचा नाही, कोबाल्टचाही नाही. आरशासारखा घासून चकचकीत केलेला. १९७६ च्या सुमारास त्याचा पृष्ठभाग मॅट केला. तोवर सिमेंटचे बहुतेक दांडे तसेच असायचे. हे दांडे जास्त ढिले व्हायला लागले. १९८६ मध्ये पुन्हा चकचकीत केला आणि तक्रारी ओसरल्या. चकचकीत दांडा सिमेंटमध्ये केसभर खाली सरकतो आणि आणखी घट्ट होतो. खरखरीत दांडा सिमेंटलाच घासून खातो. पोलाद तेच, फरक फक्त पॉलिशचा. असा फरक तुमच्या दरपत्रकात कुठे दिसणार?

उरलेले पैसे भावानं संडासात आधाराचा दांडा, उंच बैठकीचा कमोड आणि तीन महिन्यांचा फिजिओथेरपिस्ट यांवर घालावेत.

प्रश्न: माझं वय २९. मला सिकलसेल आहे (एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला). दोन्ही खुब्यांचा रक्तपुरवठा बंद पडून गोळे खचले आहेत, डावा जास्त. नागपूरच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं आणि सिरॅमिक सुचवलं. मित्र म्हणतात सिरॅमिक म्हणजे कपबशी, पडलो की फुटणार. मी आश्रमशाळेत शिकवतो, दिवसभर उभं राहावं लागतं. – एक शिक्षक, गडचिरोली जिल्हा

गुरुजी, विदर्भात आणि सातपुड्यात काम केलेल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला तुमचं पत्र ओळखीचं वाटेल. वाकडा झालेला रक्तकण बारीक शिरेत अडकतो आणि मांडीच्या गोळ्याचं हाड मरतं, तेही ऐन उमेदीत. स्टेरॉइड किंवा दारूनं गोळा खचलेले तरुणही पुष्कळ येतात, पण तुमच्यात आणि त्यांच्यात ऑपरेशनच्या टेबलावर मोठा फरक असतो. तो सिरॅमिकपेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तेच.

सिकलसेलचं हाड काही ठिकाणी दगडासारखं कडक झालेलं असतं आणि मांडीच्या हाडातली पोकळी अरुंद किंवा जागोजागी बुजलेली असते. दांड्यासाठी वाट करताना हाड फुटू शकतं किंवा हत्यार बाजूनं बाहेर निघू शकतं. जंतुसंसर्गाचा धोकाही इतरांपेक्षा जास्त. ऑपरेशनच्या वेळी अंग गार पडलं, पाणी कमी पडलं, ऑक्सिजन उतरला तर छातीत क्रायसिस येऊ शकतो, म्हणजे वाकडे रक्तकण फुफ्फुसांत अडकून जिवावर बेतू शकतं. म्हणून जिथे रक्तपेढी आहे, रक्तविकारतज्ज्ञ आहे आणि सिकलसेलचे खुबे आधी केलेले सर्जन आहेत, तिथेच करा. हिमोग्लोबिन किती हवं, रक्त आधी चढवायचं का, हे ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी ठरू द्या. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका.

तुमच्या वयाला सिमेंट नको. टायटॅनियमचा, हाड धरणारा दांडा आणि टायटॅनियमची वाटी; तिच्यात सिरॅमिकची किंवा पॉलीची आतली वाटी बसते. टायटॅनियम का? त्याचा ताठरपणा कोबाल्ट-क्रोमच्या साधारण निम्मा आहे, त्यामुळे चालण्याचा भार थोडा तरी हाडाकडे जातो. सगळा भार दांड्यानंच उचलला तर भोवतीचं हाड कामाविना विरळ होत जातं. पण याच टायटॅनियमचा गोळा केला तर तो चरे पडून काळा चुरा टाकतो. एकच धातू, एका जागी उत्तम, दुसऱ्या जागी निरुपयोगी.

आता कपबशी. आजचं गुलाबी सिरॅमिक जर्मनीत प्लोखिंगेनच्या कारखान्यात तयार होतं. गुलाबी रंग त्यातल्या थोड्याशा क्रोमियमचा. बरंचसं ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, त्यात सुमारे १७ टक्के झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचं. चीर निघालीच तर झिर्कोनियाचे दाणे फुगून ती तिथेच दाबून धरतात. या सिरॅमिकचा गोळा फुटण्याचं प्रमाण लाखात मोजकं आहे. आतली वाटी फुटण्याचं त्याहून जरा जास्त, तरी कमीच. रस्त्यावर पडलात तर आधी हाड मोडेल. मित्रांची भीती मात्र हवेतून आलेली नाही. २००१ मध्ये एका फ्रेंच कारखान्याचे नुसत्या झिर्कोनियाचे गोळे फुटायला लागले आणि परत मागवावे लागले. माल तोच होता; तो भाजायची भट्टी बदलली होती. तेव्हा नुसत्या 'सिरॅमिक' या शब्दावर खूश होऊ नका. कोणाचं, कोणत्या पिढीचं, हे विचारा.

सिरॅमिकवर सिरॅमिक की सिरॅमिकवर क्रॉसलिंक्ड पॉली? तुमच्या वयाला दोन्ही रास्त. सर्जनचा हात ज्यावर बसलेला आहे ते घ्या. एक गोष्ट डोक्यात ठेवा: सिरॅमिक कधी फुटलंच तर दुरुस्तीच्या वेळी धातूचा गोळा बसवू देऊ नका. आत राहिलेले कण धातूला काही महिन्यांत खरवडून काढतात. पुन्हा सिरॅमिकच हवं. आणि २९ व्या वर्षी बसवलेला सांधा आयुष्यात एकदा तरी बदलावा लागेल असं धरून चला. म्हणून सर्जनला 'हाड जपून करा' असं सांगायला लाजू नका.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खुबा प्रत्यारोपण आहे. कोणत्या रुग्णालयात आणि कोणता इम्प्लांट मिळतो, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. योजनेतला साधा सांधा नीट बसवलेला असेल तर तो हलका समजू नका.

प्रश्न: २००८ मध्ये मुंबईत माझा डावा खुबा बदलला. तेव्हा 'मेटल ऑन मेटल, मोठा बॉल, आयुष्यभर बघायला नको' असं सांगितलं होतं. आज वय ६६, दुखत नाही. बहिणीनं कुठेतरी वाचलं की ते सांधे विषारी निघाले. मी काय करू? – एक वाचक, डोंबिवली

ताई, घाबरू नका, पण दुखत नाही म्हणून गप्पही बसू नका. ही तपासणी न दुखणाऱ्यांनीही करायची असते.

धातूवर धातू ही कल्पना कागदावर देखणी होती. प्लास्टिक नाही, म्हणजे चुरा नाही. गोळा मोठा, म्हणजे सांधा निखळणार नाही. त्यातलाच एक, डीप्यू कंपनीचा एएसआर, २००३ पासून विकला गेला. त्याची वाटी उथळ होती. थोडी उभी बसली की गोळा तिच्या कडेवर घासायचा आणि कोबाल्ट-क्रोमियमचे कण मांसात आणि रक्तात उतरायचे. काहींच्या खुब्याभोवती गाठी झाल्या, स्नायू मेले. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २००९ मध्ये तो बाजारातून काढला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० जणांना तो बसला होता, आणि त्यातल्या पुष्कळांचा नंतर पत्ताच लागला नाही. हीच कोबाल्ट-क्रोमची मिश्रधातू पॉलीच्या वाटीत वर्षानुवर्षं निमूट फिरते आहे.

तेव्हा पहिलं काम: तुमच्या खुब्यात नेमकं कोणाचं काय आहे, ते शोधा. ऑपरेशनच्या वेळी प्रत्येक भागाच्या डब्यावरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवतात. त्यावर कंपनी, आकार आणि लॉट नंबर असतो. नियमानं डॉक्टरांवर कागद तीन वर्षंच ठेवण्याचं बंधन आहे, म्हणून हॉस्पिटलात फाईल मिळेलच असं नाही. घरातलं डिस्चार्ज कार्ड, बिल, विम्याचे कागद उपसा. काहीच मिळालं नाही तर नवा एक्स-रे काढून खुब्याची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला दाखवा; आकारावरून बऱ्याचदा ओळख पटते.

दुसरं: रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम. लिटरला ७ मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात आणि धातूमुळे चित्र बिघडू न देणाऱ्या खास पद्धतीनं एमआरआय काढतात. आकडा कमी आला आणि चित्र स्वच्छ असलं तर वर्षाकाठी तपासणी पुरे. मेटल ऑन मेटल सगळेच वाईट निघाले असं नाही. एएसआर निघाला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे भरपाईची चौकशी करा. केंद्राच्या समितीनं किमान २० लाख रुपयांची शिफारस केली होती.

ज्यांची ऑपरेशनं आता होणार आहेत त्यांनीही ते स्टिकर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावं आणि मुलांना पाठवावं. तीन लाखांची वस्तू अंगात घालून घेतो आणि तिची पावती मागत नाही, हे आपल्याकडेच चालतं. स्कूटरचा चासी नंबर मात्र पाठ असतो.

प्रश्न: मला खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटते, पाणी येतं. पुढच्या महिन्यात खुबा बदलायचा आहे. आत धातू चालेल का? – एक गृहिणी, रत्नागिरी

ही निकेलची ॲलर्जी. पोलादात निकेल बरंच असतं, कोबाल्ट-क्रोममध्ये अगदी थोडं. त्वचेला निकेल सोसत नाही म्हणून आतला सांधा बिघडतोच असं दिसत नाही, आणि पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जीची तपासणी, करून फारसा निर्णय हाती लागत नाही. तरी सर्जनला सांगा. टायटॅनियमचा दांडा, टायटॅनियमची वाटी, क्रॉसलिंक्ड पॉली आणि सिरॅमिकचा गोळा, एवढं घेतलं की हा वादच संपतो. त्यासाठी 'ॲलर्जी स्पेशल' म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर का, ते विचारा.

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, माळकरी. जानेवारीत खुबा बदलला, ३६ नंबरचा बॉल आहे असं डॉक्टर म्हणाले. आषाढीला आळंदीहून पायी जाता येईल का? पंगतीत मांडी घालता येईल का? – एक वाचक, बार्शी

माऊली, ३६ म्हणजे ३६ मिलिमीटर. चार्नलींचा गोळा २२ चा होता. गोळा मोठा असला की निखळायला जास्त अंतर जावं लागतं, म्हणजे तुमच्या बाजूनं एक गोष्ट आधीच झाली आहे. निखळण्याची भीती फारच असेल तेव्हा गोळ्यात गोळा असा दुहेरी सांधा बसवतात. फ्रान्समधल्या सेंट-एत्येनच्या बुस्के यांनी तो १९७० च्या दशकात काढला. तुम्हाला त्याची गरज पडलेली दिसत नाही.

चालणं सांध्याला मानवतं. सर्जननी एक्स-रे पाहून होकार दिला, काठीशिवाय रोज चार-पाच किलोमीटर जमायला लागलं की वारीचा विचार करा, आणि दिवे घाट पायीच चढला पाहिजे असा हट्ट धरू नका. मांडी घालण्याचं उत्तर ऑपरेशन पुढून केलं की मागून, यावर आहे; ते सर्जनलाच विचारा. मागून केलं असेल तर खरा धोका मांडीपेक्षा जमिनीवरून उठताना असतो, गुडघा आत वळवून पुढे वाकलात की. बुटक्या स्टुलावर बसून पायात मोजे चढवणंही तसंच. ओढ्याकाठी उकिडवं बसणं बंद. घडीची खुर्ची आणि घडीचा कमोड घ्या, आणि दिंडीचालकांना आतापासून सांगून ठेवा की दोन्ही सामानाच्या ट्रकमध्ये चढवायचे आहेत.